सासऱ्यांचा स्वयंपाक

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले, निदान मला तसं वाटलं. तोंड धुतलं, पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या दारात आले, तर आत माझे सासरे परात पुढ्यात घेऊन ज्वारीचं पीठ मळत बसलेले. गॅसवर चहा उकळत होता. बाजूला लसूण सोलून ठेवलेला, कोथिंबीर निवडून ठेवलेली.

"उठलीस का? बस गं माय," ते म्हणाले. "च्या व्हायलाय."

मी म्हणाले, "मामा, तुम्ही उठा, मी करते भाकरी."

"कामून? आता तर हात भरलेत माझे. तू बस."

मी बसले. नवी नवरी, हिरव्या बांगड्या, आणि सासरा थापून दाखवतोय भाकरी. काठाला सारखी, मध्ये सारखी, तव्यावर टाकली की टम्म. माहेरी येलदरीला माझ्या भाकरीचं कौतुक होतं. धाकट्या बहिणींना आई माझी भाकरी दाखवून बोलायची. त्या सकाळी मी मामांची भाकरी मोडली, आतला मऊ पापुद्रा बघितला आणि माझ्या पोटात काहीतरी बारीक टोचलं. त्याला काय म्हणायचं ते तेव्हा कळलं नव्हतं.

माझ्या सासूबाई मुलं लहान असतानाच गेल्या. मोठा म्हणजे माझा नवरा तेव्हा चौथीत, दीर अजून शाळेतही जात नव्हता. मामा सेलूच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. नातेवाइकांनी दुसरं लग्न कर म्हणून लय आग्रह केला, ते नाही म्हणाले. सुरुवातीला रोज खिचडी. मग शेजारच्या बायकांना विचारून विचारून एकेक भाजी शिकले. सकाळी पोरांचा स्वयंपाक करून कामावर जायचं, संध्याकाळी येताना बाजारातून पालेभाजी आणायची, हातपाय धुवून पुन्हा चुलीपुढं बसायचं. हे ते कधी आपणहून सांगत नसत. नवराच सांगायचा, आणि त्याच्या लहानपणाच्या सगळ्या गोष्टी शेवटी एखाद्या ताटाशीच येऊन थांबायच्या. ताप आला की दादा, म्हणजे त्याचे वडील, ज्वारीच्या कण्या करायचे. परीक्षेच्या दिवशी दादा मुरमुऱ्यांचा सुशीला करून द्यायचे. पाऊस लागून राहिला की वरणफळं. मी ऐकत असे. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याच्या बोलण्यात जुनी मैत्रीण येत असेल, माझ्या नवऱ्याच्या बोलण्यात वरणफळं यायची.

मी लग्नाआधीच शिक्षिका झाले होते. सेलूतच एका शाळेत मला जागा मिळाली. सकाळी निघताना डबा भरून तयार असे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काय नशीब काढलंस बाई. आमची सासू उठवून कामाला लावती, तुझा सासरा डबा भरून देतो." माझी आई फोनवर तेच म्हणायची. मी "हो" म्हणायचे. काय सांगणार? सासरा चांगला वागतो ही तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

डबा उघडला की शाळेतल्या बाई लोकांची बोटं त्यात पडायची. "तुमच्या हाताला काय चव आहे हो," एकजण म्हणाली. त्या दिवशी कारळाची चटणी आणि मेथीची पातळ भाजी होती. मी हसले. सासऱ्यांनी केलीय असं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं, "चटणीत नेमकं काय घालता?" मला माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन मामांना विचारलं, तर म्हणाले, "कारळं, मिरची, लसूण, मीठ. आनखी काय असतंय?" मी तसंच करून बघितलं. कडू झाली. मामा म्हणाले, "जरा जास्त भाजली." मला वाटलं, काहीतरी सांगायचं राहिलंय, मुद्दाम राहिलंय. मग मी त्यांच्या बाजूला उभी राहून बघू लागले. ते काहीच लपवत नव्हते. हेच मला जास्त लागलं. लपवलं असतं तर राग धरता आला असता.

पहिल्या थंडीत मामा एका लग्नासाठी चुडाव्याला गेले. सकाळच्या गाडीनं गेले, मुक्काम तिथंच. घरात चूल माझ्या एकटीची. मी शाळेतून येताना करडईची कोवळी भाजी आणली. थंडीत करडईच्या भाजीसारखं दुसरं काही नाही, आणि ती मामांची खास होती. मी पानं धुतली, बारीक चिरली, मुगाची डाळ टाकली, वरून लसणाची फोडणी, शेवटी दाटपणासाठी ज्वारीच्या पिठाचं हाटण. जसं बघितलं होतं तसं, पायरीला पायरी लावून. नवरा आणि दीर जेवायला बसले. मी समोर बसून दोघांच्या तोंडाकडं बघत होते.

"चांगली झालीय," नवरा म्हणाला.

"हो वहिनी, चांगली झालीय," दीर म्हणाला, आणि त्यानं लोणच्याची बरणी ओढली.

मामांनी भाजी केली की हे दोघं कधी "चांगली झालीय" म्हणत नसत. काहीच म्हणत नसत. मान खाली घालून खायचे आणि न बोलता तिसऱ्या भाकरीला हात घालायचे. त्या दिवसापासून "चांगली" हा शब्द माझ्या डोक्यात बसला. मला कौतुक नको होतं. मला ती खाली घातलेली मान हवी होती.

ते वर्ष असंच गेलं. मामा घरात असताना मी भाजी निवडायची, भांडी आवरायची, पोळ्या लाटायच्या. पोळ्या तेवढ्या माझ्याकडं आल्या होत्या, कारण मामांना पोळी लाटायचा कंटाळा होता. पाहुणे आले की म्हणायचे, "पोळ्या मऊ आहेत हो सूनबाईंच्या." आणि पुढच्या वाक्यात, "पण ही आमटी." तो "पण" मला दिवसभर पुरायचा.

मग चैत्रात माझा भाऊ मासा घेऊन आला. येलदरीच्या धरणातली चांगली मोठी मरळ, ओल्या पोत्यात गुंडाळून, जिंतूरची बस पकडून. मामांनी पोतं उघडून बघितलं आणि मागं सरले.

"ह्यातलं मला काय कळत न्हाई बाबा," ते म्हणाले. "आमच्या घरात मासा कधी झालाच न्हाई. हे तुझंच काम, माय."

मी दिराला बाहेर चूल मांडायला सांगितली. धरणाच्या काठी वाढलेली पोर मी, मासा कसा धरायचा, खवलं कशी काढायची, राख कुठं लावायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. खोबरं आणि तीळ भाजले, पाट्यावर वाटले, चिंचेचा कोळ काढला. मामा ओट्यावर बसून बघत होते. मध्येच एकदा म्हणाले, "खवल्याला राख लावती व्हय?" मी म्हणाले, "हात सटकत नाही." आवाज जरा चढाच निघाला माझा, शाळेत निघतो तसा.

त्या दिवशी नवऱ्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. दीर रस्सा वाटीनं प्यायला. मामांनी काटा काढत काढत सावकाश खाल्लं, भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसलं आणि म्हणाले, "लय झ्याक." एवढंच. पुढचे कितीतरी दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. शाळेत पोरांनी दंगा केला तरी मी रागावले नाही.

पंधरवडाही झाला नसेल, मी शाळेतून आले आणि गल्लीच्या तोंडाशीच वास आला. मासा. पण माझ्या माशापेक्षा काहीतरी वेगळं, भाजलेल्या धान्याचा खमंगपणा मिसळलेला. बाहेरच्या चुलीवर मामांनी पातेलं चढवलं होतं. बाजारात मासा आला होता, म्हणून घेतला.

"तुझंच बघून केलं गं," ते म्हणाले. "फक्त येसर टाकलं थोडं. अन् चिंचेच्या जागी कैरी, आता दिवस हायेत म्हनून."

येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, आमच्याकडं आमटीला लावतात ते. माशाला कुणी लावत नाही. मी एक घास खाल्ला. रस्सा दाट झाला होता, कैरीचा आंबटपणा माशाला असा लागला होता की पुढचा घास थांबवणं अवघड. नवरा खात होता. मान खाली. मी त्याच्या ताटात चौथी भाकरी वाढली आणि डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले.

मामा दाराशी आले. "लिंबू-पानी करू का?"

"नको," मी म्हणाले.

"मासा नीट झाला न्हाई का?"

मी भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "चांगला झालाय."

आता मला त्या टोचण्याचं नाव कळलं होतं. मी माझ्या सासऱ्यांवर जळत होते. ज्यानं पोरांना आई नसताना वाढवलं, मला कधी एक शब्द वावगा बोलला नाही, त्या माणसावर. कारण सांगायला गेले तर हसू येईल असं, आणि तरी ते रोज सकाळी माझ्याबरोबर उठायचं.

दिवस गेले तेव्हा तर माझ्याच जिभेनं दगा दिला. मला काही पोटात ठरेना. पावसाळा होता, बाजारात अंबाडी आली होती. मला अंबाडीच हवी होती, आणि ती मामांनी केलेली. कण्या घालून घोटलेली, वर कडकडीत तेलातला लसूण. मी स्वतः करून खाल्ली तर उलटी झाली. मामांनी केलेली दोन वाट्या खाल्ली. ते समोर बसून बघत होते, डोळ्यांत इतका आनंद की मला त्यांच्याकडं बघवेना. पोटातलं पोरसुद्धा त्यांच्याच बाजूचं निघालं, असं मनात आलं.

मुलगी झाली. ती सहा महिन्यांची झाल्यावर तिला पहिला घास मामांनीच भरवला, मऊ वरणभाताचा, तुपाचं बोट लावून. पुढं पुढं ती माझ्या हातून खायचीच नाही. मी वाटी घेऊन मागं फिरायचे, ती तोंड मिटून उभी. मामा अंगणातून आले की तोंड उघडायची. "आबा," म्हणायची. तिचा पहिला नीट शब्द तो.

"तुम्ही तिला लाडावून ठेवलंय," मी एकदा बोलले.

मामा म्हणाले, "पोटात गेल्याशी कारन. कुनाच्या का हातानं जाईना."

हे बोलणं बरोबर होतं. मला त्यातलं काहीच पटलं नाही.

मुलगी शाळेत जाऊ लागली, दीर नोकरीसाठी बाहेर गेला, मामा कामावरून निवृत्त झाले आणि चूल तर आता पूर्णच त्यांची झाली. मग मागच्या थंडीच्या शेवटी आमच्या घरात सगळ्यांना ताप आला. आधी मुलीला, मग मला, मग नवऱ्याला. शेवटी मामांना आला आणि सगळ्यात जोरात आला. आठवडाभर ते अंथरुणात होते. मी कण्या करून द्यायचे. ते खायचे, काही बोलायचे नाहीत. मला वाटलं तापाचं तोंड आहे.

उठल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी आमटी केली. मी घास घेतला आणि थांबले. मीठ एवढं होतं की जीभ ओढली गेली. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मुलगी काहीतरी बोलणार तेवढ्यात नवऱ्यानं तिच्या ताटात दही वाढलं. मामा स्वतः शांतपणे तेच खात होते. त्यांना काही कळत नव्हतं.

मला तेव्हा काय वाटलं ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. मला बरं वाटलं. चुकले. यांचंही चुकतं. मी ती खारट आमटी सगळ्यांत जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर घरात धूर, गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालेलं, आणि मामा तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसून मेथी निवडत होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"मामा, दूध करपलं. तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी पातेल्याकडं बघितलं. मग हातातली मेथी नाकाशी नेली, वास घेतला, पुन्हा घेतला. जुडी खाली ठेवली.

"न्हाई," ते म्हणाले. "काईच न्हाई येत. आठ-धा दिस झाले."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? यील म्हनलं आपोआप."

नवऱ्यानं त्यांना परभणीला डॉक्टरकडं नेलं. वासच गेलाय, वासाबरोबर चवही गेली, परत येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर मामांनी गुडघे दुखतात असं सांगायला सुरुवात केली. उभं राहवत नाही, तूच बघ आता चुलीचं. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. सकाळी ते स्टेशनपर्यंत फिरून यायचे.

चूल माझी झाली. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं एका आठवड्यात पदरात पडलं. मी मन लावून केलं. हरभऱ्याचा पाला, उन्हाळ्यात कैरीचा तक्कू, धपाटे, कढीतले गोळे. नवरा म्हणायचा, "चांगलं झालंय." मुलगी खायची, शाळेला उशीर व्हायचा म्हणून खायची. आणि मामा ताटातलं सगळं संपवायचे. गोड, तिखट, आंबट, सगळं एकाच चालीनं, एकाच तोंडानं. एकदा मी घाईत आमटीत चिंच घालायची विसरले. त्यांनी तीही तशीच संपवली आणि हात धुतला.

मला ज्यांना जिंकायचं होतं त्यांच्यापर्यंत माझं जेवण पोचतच नव्हतं. कितीही करा, तिकडं दार बंद. आणि दुसरीकडं नवरा. आता तो मामांच्या समोरच जुन्या जेवणाच्या आठवणी काढायला लागला. "दादा, तो तुमचा येसर टाकलेला मासा." मामा नुसते हसायचे. आधी मला पातेल्यातल्या आमटीशी झगडायचं होतं, आता आठवणीतल्या आमटीशी. त्या आमटीत मीठ कधीच कमीजास्त होत नव्हतं.

एका रविवारी मुलगी रुसली. पाऊस लागला होता आणि तिला वरणफळं हवी होती. मी कणीक मळायला घेतली तर म्हणाली, "तुझी नको. आबांची."

मी कणकेचा गोळा परातीत टाकला आणि उठले. मामा सगळं ऐकत दारात उभे होते. ते आत आले, हात धुतले आणि परातीपुढं बसले.

"मी करतो," ते म्हणाले. "पन चव तुला बघावी लागंल."

त्यांनी पोळी लाटली, कातून शंकरपाळ्यासारखे तुकडे केले. फोडणीला मोहरी टाकून कान तिकडं करून बसले, तडतड कमी झाली तसा लसूण टाकला, त्याचा रंग बघून हळद टाकली. डाळ ओतली, चिंच-मीठ टाकलं, उकळी आली तशी फळं सोडली. हे सगळं त्यांनी नाकाशिवाय केलं आणि एकदाही चुकले नाहीत. मग पळीत थोडं वरण घेऊन फुंकर मारली आणि माझ्यापुढं धरली.

"कसंय?"

"मीठ कमी आहे."

"कमी म्हंजी किती कमी?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं जेवले, पण मिठाचं कमी किती हे शब्दात कधी सांगावं लागलं नव्हतं. मी म्हणाले, "मागं भाऊजी मुंबईला निघाले तेव्हा केली होती ना आमटी, तिच्या मिठाच्या जरा अलीकडं." ते हसले. त्यांना कळलं. चिमूट टाकली.

"आता?"

"आंबट थोडं पाहिजे."

"चिंच टाकलीय की."

"अजून थोडी."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या वरणाला एवढा आंबटपणा कधीच नसायचा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला आंबट आवडतं, येलदरीकडची सवय. राहू द्या असं मी म्हणू शकले असते, पण म्हटलं नाही. त्यांनी चिंचेच्या कोळाची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"तूच टाक मंग. किती टाकायची ती."

मी टाकली. माझ्या अंदाजानं, माझ्या जिभेला बरी लागेपर्यंत. मग गूळ वाढवला, मग थोडं तिखट. शेवटी मीच म्हणाले, "झालं."

आम्ही सगळे जेवायला बसलो. मुलीनं वाटी तोंडाला लावली. नवऱ्यानं मान खाली घातली. मी बघत होते. एक वाटी, दुसरी वाटी. मग तो वर बघून म्हणाला, "दादा, किती दिवसांनी. ही खरी वरणफळं."

चव माझी, मीठ माझं, चिंच माझी, आणि नाव पुन्हा त्यांचं. मी ताटातलं फळ बोटानं ढकलत बसले. मामा घास चावत होते, त्या न कळणाऱ्या तोंडानं. गिळून झाल्यावर म्हणाले, "मी निस्ती फळं कातली. चव तिची हाय."

नवरा म्हणाला, "व्हय? तरीच जरा आंबट लागायलंय." आणि तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मामा माझ्याकडं बघून हसत होते.

त्यानंतर आम्ही दोघं मिळून करू लागलो. हात त्यांचे, जीभ माझी. रोज भांडण व्हायचं. ते म्हणायचे, तेल सुटलं म्हणजे झालं, मी म्हणायचे अजून कच्चं लागतंय. मी एखादी चव सांगताना अडले की ते विचारायचे, "घशात लागायलंय का जिभेवर?" मला प्रत्येक गोष्ट नीट खाऊन बघावी लागायची. हळूहळू कळू लागलं की कारळ भाजताना ते वासावर नाही, हातातल्या उलथन्याच्या आवाजावर थांबायचे. हे त्यांनाही माहीत नव्हतं. वास गेल्यावर कळलं त्यांना.

या पावसाळ्याच्या अखेरीला एकदा ते अंगणात बसले होते आणि मी आत फोडणी देत होते. त्यांनी बाहेरून हाक मारली, "लसूण करपायलाय गं."

मी कढईत बघितलं. काठाला लसूण काळा होत होता. मी गॅस बारीक केला आणि मग माझ्या ध्यानात आलं. बाहेर गेले तर ते उभे राहिले होते, नाक वर करून.

"आला वास?"

"आला. थोडा. करपलेलाच आला आधी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी तिथंच पायरीवर बसले. मला खरंच आनंद झाला होता. आणि त्याच घडीला आत कुठंतरी असंही आलं, की आता गेली चूल. दोन्ही खरं होतं, एक दुसऱ्याला हटवत नव्हतं.

वास पूर्ण परत आला नाही. लसूण, धूर, तळलेलं तेल त्यांना कळतं. पालेभाजीचा हिरवा वास, कोथिंबीर, दुधाचा वास कळत नाही. मीठ कधी कळतं, कधी नाही. म्हणून चूल कुणा एकाकडं गेली नाही. सकाळचं बहुतेक ते करतात, संध्याकाळचं मी, आणि चव बघायला मला हाक असतेच. नवऱ्यानं "चांगलं झालंय" म्हटलं की मला अजून लागतं. मुलगी "आबांचं आहे का?" विचारते तेव्हा अजून लागतं, पूर्वीइतकंच लागतं, फक्त आता भाकरी वाढताना माझा हात थांबत नाही.

या थंडीत आई आमच्याकडं राहायला आली. बाजारात तुरीच्या शेंगा आल्या होत्या. मी आणि मामांनी ओट्यावर बसून सोलल्या, दाणे भाजले, जाडसर ठेचले. आमटी मी केली, एकटीनं, कारण तोवर मामा बाहेर गेले होते. आईला गरम गरम वाढली. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग भाकरी हातात धरून बसली.

"आपल्यात अशी करत न्हाईत," ती म्हणाली.

"मामा अशी करतात. मग मी त्यात जिरं कमी केलं."

"हे तुला मी शिकवलेलं न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती ताटाकडं बघत होती, माझ्याकडं नाही. ओठ जरा आत ओढलेले. तो आवाज मला ओळखीचा होता. भिंतीकडं तोंड करून "चांगला झालाय" म्हणणाऱ्या बाईचा आवाज असाच असणार.

मी तिच्या ताटात आणखी एक पळी आमटी वाढली. तिनं नको म्हटलं नाही. थोड्या वेळानं तिनं मान खाली घातली आणि भाकरीचा मोठा तुकडा आमटीत बुडवला.